अंगावर पित्त उठतं तेव्हा: पैसे कुठे घालावेत, कुठे नाही

पहिल्या रात्री सासूबाईंनी आमसुलं भिजत घातली आणि ते पाणी माझ्या हातापायांना चोळलं. चौथ्या रात्री गेरू आला. पंधराव्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने 'पित्तावरची' म्हणून ॲसिडिटीची गोळी दिली आणि ती मी महिनाभर उपाशीपोटी इमानाने घेतली. तिसऱ्या महिन्यात एका लॅबने आठ हजार रुपये घेऊन चार पानी रंगीत ॲलर्जी रिपोर्ट हातात ठेवला. वांगं, शेंगदाणे, तूरडाळ, झुरळ आणि घरातली धूळ, सगळ्यांपुढे लाल पट्ट्या. वांगं सुटलं, आमटी सुटली, दाण्याचं कूट सुटलं. पित्त तेवढं सुटलं नाही. अखेर ज्या गोळीने रात्रीची झोप परत आणली, ती दोन रुपयांना एक मिळते.

म्हणून हा हिशेब. यातले आकडे पुण्या-मुंबईसारख्या शहरांतले आणि ढोबळ आहेत. लॅब, ब्रँड आणि गाव बदललं की खालीवर होतील. पण कशाला कशाच्या किती पट पैसे पडतात, हे प्रमाण फारसं बदलत नाही.

'पित्त' या शब्दाची किंमत

मराठीत आंबट ढेकर आली तरी पित्त, अर्धं डोकं दुखलं तरी पित्त, आणि अंगावर लाल गांध्या उठल्या तरी पित्तच. या एका शब्दापायी माणूस चुकीच्या औषधाच्या रांगेत उभा राहतो. जुन्या वैद्यांनी हा घोळ केलेला नव्हता. माधवनिदानात शीतपित्त आणि अम्लपित्त हे दोन वेगळे विकार सांगितले आहेत. घोळ आपण घरात केला.

डॉक्टर ज्याला अर्टिकेरिया म्हणतात त्यात त्वचेतल्या मास्ट पेशी चेतून त्यांच्यातून हिस्टामिन बाहेर पडतं. बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते आणि खाज सुटते. गंमत अशी की जठरात आम्ल सुटायलाही हेच हिस्टामिन इशारा देतं. पण तिथलं त्याचं कुलूप वेगळं आणि त्वचेतलं वेगळं. जठराच्या कुलपाची किल्ली कातडीला लावून मी महिना घालवला.

गांध्या सहा आठवड्यांच्या आत थांबल्या तर तो तात्पुरता प्रकार. एखादा ताप, एखादं औषध, कोळंबीसारखं काही खाणं, असं कारण त्यात पुष्कळदा सापडतं. सहा आठवड्यांच्या पुढे, जवळजवळ रोज किंवा एक दिवसाआड त्रास चालू राहिला तर तो जुनाट. इथेच बहुतेकांचा पैसा वाहून जातो, कारण जुनाट प्रकारात खाण्याची ॲलर्जी हे कारण क्वचितच असतं. खरी अन्न-ॲलर्जी खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत उठते आणि तो पदार्थ खाल्ला की दर वेळी उठते. दुपारच्या वांग्याचा सूड पहाटे तीन वाजता निघत नाही. जुनाट पित्तात बहुतेकांना बाहेरचं कारण असतच नाही. शरीरानेच तयार केलेली प्रतिद्रव्यं मास्ट पेशींना डिवचत राहतात. बायकांमध्ये हे पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतं, संसर्गजन्य नाही, आणि बहुतेकांत एक ते पाच वर्षांत आपसूक विझतं. तोवर त्याला गप्प ठेवणं, एवढंच काम असतं.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

डॉक्टरांच्या दारात पोहोचेपर्यंत अंग कोरं झालेलं असतं. गॅरेजात गेल्यावर गाडीचं खडखडणं थांबावं तसं. तेव्हा मोबाइलवर फोटो काढा, तारीख-वेळेसकट. मग बॉलपेन घ्या आणि एका गांधीभोवती रेघ ओढा. चोवीस तासांच्या आत ती जागा पूर्ण साफ झाली आणि गांधी दुसरीकडे सरकली, तर हा नेहमीचा प्रकार. गांधी त्याच जागी दिवसापेक्षा जास्त टिकली, खाजण्याऐवजी जळजळली-दुखली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, तर त्वचेच्या रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. तिथे त्वचारोगतज्ज्ञ कातडीचा छोटा तुकडा तपासायला सांगतील आणि तो खर्च योग्य असेल.

बोथट पेनाच्या टोकाने हातावर रेघ मारली आणि दहा मिनिटांत ती फुगून वर आली, तर घासण्याने उठणारा प्रकार. पिशवीचा पट्टा, परकराची नाडी, पँटचा पट्टा यांच्या जागी काही तासांनी सूज येत असेल तर दाबाचा. जिना चढल्यावर, गरम पाण्याने आंघोळ केल्यावर, घाम फुटला की बारीक टाचणीएवढे दाणे येत असतील तर घामाचा. गार पाणी, वारा किंवा बर्फाने उठत असेल तर थंडीचा. या शेवटच्या प्रकाराकडे गावाकडच्यांनी जास्त लक्ष द्यावं. थंडीच्या पित्तवाल्याने विहिरीत किंवा नदीत सूर मारला तर एकदम सगळ्या अंगावर पित्त उठून रक्तदाब कोसळू शकतो आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडू शकतो. शंका असेल तर पोहणं बंद आणि आधी डॉक्टर.

एका वहीत सात दिवसांची नोंद ठेवा. दिवसभरात गांध्या नाहीत तर ०, विसापेक्षा कमी तर १, वीस ते पन्नास तर २, पन्नासहून जास्त किंवा मोठमोठे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतील तर ३. खाजेलाही असेच ० ते ३. दिवसाला जास्तीत जास्त ६, आठवड्याला ४२. डॉक्टरही हाच हिशेब वापरतात. ६ किंवा त्याखाली असाल तर आजार मुठीत आहे, २८ किंवा त्याच्या वर असाल तर तीव्र. औषध लागू पडतंय का, हे ठरवायला या दहा रुपयांच्या वहीइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. 'जरा बरं वाटतंय' यावर औषध बदलणं महागात पडतं.

त्याच वहीत गेल्या महिन्यात घेतलेल्या सगळ्या गोळ्या लिहा, डोकेदुखीच्यासुद्धा. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या वेदनाशामकांनी जुनाट पित्त असलेल्या पुष्कळांचं पित्त भडकतं. गुडघे दुखतात म्हणून एक गोळी, तिने पित्त, पित्तावर दुसरी, असं चक्र मी आमच्याच इमारतीत पाहिलं आहे. अशांना ताप-दुखण्यावर साधी पॅरासिटामॉल बहुधा चालते. मात्र 'पॅरासिटामॉलचीच आहे' म्हणून मिळणाऱ्या काही गोळ्यांत आयब्युप्रोफेन मिसळलेलं असतं, तेव्हा पाकिटाची मागची बाजू वाचा. गांध्या नाहीत, पण ओठ, जीभ, पापण्या वारंवार सुजतात आणि रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल चालू आहे, असं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ती सूज त्या गोळीचीही असू शकते. हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन किंवा रक्तदाबाची गोळी स्वतःहून मात्र बंद करायची नाही.

लॅबमध्ये किती

जुनाट पित्ताला सुरुवातीला लागतं ते थोडंच. संपूर्ण रक्तगणना २५० ते ४०० रुपये, ईएसआर शे-दीडशे, सीआरपी चारशे ते सातशे. तज्ज्ञाकडे गेलात तर एकूण आयजीई आणि थायरॉइडविरोधी प्रतिद्रव्यं, म्हणजे अँटी-टीपीओ. दोन्ही मिळून दीड ते तीन हजार. थायरॉइडचा आणि या पित्ताचा संबंध खरा आहे, म्हणून टीएसएच बघून घेतात. पण थायरॉइडची गोळी सुरू केली की पित्त जाईलच, असं धरून चालू नका. आपल्याकडे जंतांसाठी शौचाची तपासणीही सांगतात. ती शंभर-दीडशेत होते आणि पोटाची तक्रार असेल तर करायला हरकत नाही.

आता तो रंगीत रिपोर्ट. ॲलर्जी पॅनेल तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मिळतं, 'वेज' आणि 'नॉनवेज' असंसुद्धा. त्यातली लाल पट्टी एवढंच सांगते की त्या पदार्थाविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात सापडली. तो पदार्थ खाऊन तुम्हाला त्रास होतो, असं ती सांगत नाही. वर्षानुवर्षं सुखाने आमटी खाणाऱ्या माणसाच्या रिपोर्टातही तूरडाळ उमटू शकते. जुनाट आणि आपोआप उठणाऱ्या पित्तासाठी हे पॅनेल सरसकट करू नये, असंच आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. आयजीजी मोजून 'अन्न न सोसण्याची' यादी देणाऱ्या चाचण्या आणि केसांवरून ॲलर्जी ओळखणाऱ्या चाचण्या, यांवर तर एक रुपयाही नको. माझ्या आठ हजारांत दोन रुपयांची गोळी रोज एक या दराने जवळपास अकरा वर्षं आली असती. आमटी गेली ते वेगळंच.

गोळीचा हिशेब

उपचाराचा कणा म्हणजे गुंगी कमी आणणाऱ्या दुसऱ्या पिढीच्या हिस्टामिनविरोधी गोळ्या. सेट्रिझिन १० मिलिग्रॅमची गोळी दीड-दोन रुपयांना, वर्षाचे साधारण ७३०. लिवोसेट्रिझिन दोन ते सहा रुपये. बिलास्टिन २० मिलिग्रॅम आठ ते पंधरा, म्हणजे बारा धरले तर वर्षाला ४,३८०. फेक्सोफेनाडिन ब्रँडनुसार दहा ते पंचवीस. वीस धरले तर ७,३००. महागडी गोळी जास्त प्रभावी असते असं नाही. काहींना सेट्रिझिनने पेंग येते, त्यांना बिलास्टिन किंवा फेक्सोफेनाडिनचे जादा पैसे वसूल होतात, विशेषतः गाडी चालवणाऱ्यांना आणि यंत्रावर काम करणाऱ्यांना. ज्यांना पेंग येत नाही त्यांनी उगाच चौपट-दहापट का मोजावेत?

पैसे वाचवायची खरी जागा जनऔषधी केंद्र. मूळ नावाने लिहिलेली चिठ्ठी घेऊन गेलात तर याच गोळ्या ब्रँडच्या अर्ध्या किंवा त्याहूनही कमी दरात मिळतात. जवळचं केंद्र 'जनऔषधी सुगम' ॲपवर सापडतं. डॉक्टरांना 'मूळ नाव लिहून द्याल का' असं विचारण्यात संकोच नको. बहुतेक जण देतात. एखाद्या गोळीची सरकारी कमाल किंमत ठरलेली आहे का, ते 'फार्मा सही दाम' या ॲपवर बघता येतं.

दुकानात हमखास पुढे सरकवली जाते ती लिवोसेट्रिझिन आणि माँटेलुकास्ट एकत्र असलेली गोळी, दहा ते वीस रुपयांची. दमा किंवा सततची सर्दी असेल तर तिला कारण असेल. नुसत्या पित्तासाठी ही जोडी उपचाराच्या मुख्य पायऱ्यांत बसत नाही. शिवाय माँटेलुकास्टने काहींना वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी असे मनावरचे परिणाम होतात. त्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. तेव्हा ती का दिली, हे विचारून घ्या.

घेण्याच्या पद्धतीतही पैसा मुरतो. बिलास्टिन जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी घ्यायची. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्याबरोबर. संत्र्या-सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर ती अंगाला कमी लागते. आणि सगळ्यांत मोठी चूक, म्हणजे पित्त उठलं की गोळी घ्यायची. पूर आल्यावर बांध घालायला निघावं तसं ते होतं. गोळी रोज, ठरलेल्या वेळी, पित्त नसलं तरी. मी दोन महिने उठेल तेव्हा घेत होते आणि 'गोळी लागू पडत नाही' म्हणत होते. रोज घ्यायला लागले आणि तिसऱ्या आठवड्यात वहीतला आकडा ३१ वरून ९ वर आला.

दोन ते चार आठवडे रोज घेऊनही भागलं नाही, तर डॉक्टर तीच गोळी चौपटीपर्यंत वाढवू शकतात. सेट्रिझिनच्या हिशेबात तेही वर्षाला तीन हजारांच्या आतच. पण ही वाढ स्वतः करायची नाही. मूत्रपिंडाचा त्रास, गरोदरपण, वय, बाकीची औषधं, सगळं पाहून मात्रा ठरते.

सुईचं सुख

गल्लीतल्या दवाखान्यात दीडशे-दोनशेत एक इंजेक्शन मिळतं, त्याने अर्ध्या तासात गांध्या विरतात. त्यात बहुधा गुंगीचं जुनं औषध आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. जीवघेण्या वाटणाऱ्या रात्री एखाद्या वेळी डॉक्टरांनी ते दिलं तर समजू शकतं. महिन्यातून चार वेळा घेतलं, किंवा प्रेडनिसोलोन-बीटामेथासोनच्या स्वस्त गोळ्या घरात आणून ठेवल्या, तर साखर वाढते, रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. त्या सगळ्याचा खर्च पित्ताच्या खात्यात कोणी लिहीत नाही. 'मुळापासून' बरं करणाऱ्या, नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत जादू झाली, तर आत हेच असण्याचा संशय घ्यावा.

घरातलं काय खरं

आमसुलाचं पाणी मी अजून वापरते. गार, आंबट, ओलं काहीतरी अंगावर लागलं की खाज थोडा वेळ निवते, एवढा त्याचा गुण. दहा रुपयांची आमसुलं, तोटा काही नाही. फक्त खाजवून कातडी फुटली असेल तिथे झोंबतं. गेरूचंही तेच, वर चादरी रंगतात. काही घरांत घोंगडीने अंग चोळतात. ते नको, कारण घासण्याने मास्ट पेशी आणखी चेततात.

खरा उपयोग होतो तो गार घडीचा. ओला पंचा, किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ पाच-दहा मिनिटं, थंडीचं पित्त नसेल तर. कॅलामाइन लोशन शंभरेक रुपयांना, फ्रिजमध्ये ठेवून लावलं तर अधिक बरं वाटतं. आंघोळ कोमट पाण्याने, अंग टिपायचं, घासायचं नाही. सैल सुती कपडे. नखं कापलेली. उन्हाळ्यात दुपारच्या वेळी गॅसपुढचं काम शक्य असेल तर दुसऱ्याकडे. दारूने आणि जागरणाने पित्त वाढतं. काळजीने तर वाढतंच, पण 'काळजी करू नकोस' हे सांगणारा माणूस त्यावरचं औषध नाही.

पथ्याबद्दल एवढंच, की एका पदार्थाचा दाट संशय असेल तर तो तीनेक आठवडे सोडून वहीतला आकडा बघा. फरक नसेल तर परत खायला लागा. सगळं एकदम सोडून दही-भातावर राहिलात तर अशक्तपणाचा नवा खर्च उभा राहील. मी वांगं परत सुरू केलं त्या आठवड्याचा आकडा ८ होता, आधीच्या आठवड्याचा ९.

गोळ्या पुऱ्या पडल्या नाहीत तर

चौपट मात्रेनेही भागत नाही अशा थोड्या लोकांसाठी ओमॅलिझुमॅब नावाचं इंजेक्शन आहे. नेहमीची मात्रा ३०० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, कातडीखाली. बऱ्याच जणांना याने अंग पूर्ण कोरं होतं. पण प्रत्येक वेळचा खर्च पाच आकडी. घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: यापेक्षा स्वस्त समरूप औषध आहे का, कंपनीची रुग्णांसाठी सवलत आहे का, आणि किती महिन्यांनी 'उपयोग नाही' म्हणून थांबायचं. साधारण सहा महिने पाहतात. सायक्लोस्पोरिन हा त्यापेक्षा स्वस्त मार्ग, पण त्यात रक्तदाब आणि क्रिएटिनिन वरचेवर तपासावं लागतं, तो खर्च धरूनच तुलना करा.

आरोग्यविम्यावर फार विसंबू नका. बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या तपासण्या आणि गोळ्या बहुतेक साध्या पॉलिसींत बसत नाहीत. इंजेक्शनसाठी मात्र आधी लेखी विचारा. विमा नियामकाच्या आधुनिक उपचारांच्या यादीत अशा प्रकारची प्रतिद्रव्यांची इंजेक्शनं आहेत, पण पॉलिसीत त्यांच्यावर रकमेची मर्यादा असू शकते.

सरकारी दारही विसरू नये. ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, पण तिथला केसपेपर खासगी त्वचारोगतज्ज्ञाच्या पाचशे ते दीड हजारांच्या फीपुढे नावालाच असतो, आणि त्वचेचे आजार बघून नजर बसलेले लोक असतात. रांगेसाठी अर्धा दिवस मात्र काढून ठेवा.

जीभ किंवा घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, भोवळ आली, पित्ताबरोबर उलट्या सुरू झाल्या, तर हिशेबाची वही बंद करा आणि १०८ ला फोन लावा. ती रुग्णवाहिका फुकट आहे. तिथे गरज ॲड्रिनलिनची असते. सेट्रिझिन गिळून वाट पाहत बसायचं नाही.

गोळी बंद करताना

काही महिने अंग पूर्ण शांत राहिलं की डॉक्टर गोळी टप्प्याटप्प्याने कमी करतात. एकदम तोडू नका. सेट्रिझिन आणि लिवोसेट्रिझिन महिनोन्महिने रोज घेऊन अचानक थांबवल्यावर काहींना काही दिवसांतच भयंकर खाज सुटते. क्वचितच होतं, पण होतं, आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या नियामकाने तसा इशाराही दिला. त्या खाजेत बहुधा गांध्या नसतात. हे माहीत नसलं की माणूस 'आजार उलटला' म्हणून पुन्हा लॅबच्या पायऱ्या चढतो. मी सध्या दिवसाआड एक गोळी या टप्प्यावर आहे. मागच्या आठवड्याचा आकडा ३, आणि त्यातले दोन एका लग्नात उकाड्यात शालू नेसून तीन तास बसले त्या दिवसाचे.